ये, बस, खा, येतो

वायरींच्या कारखान्यात तिला सगळे वेणीताई म्हणत. केसांचा त्या नावाशी काडीचा संबंध नव्हता. केस तिने केव्हाच कानापर्यंत आखूड करून टाकले होते. कारखान्यात कपडे धुण्याच्या मशीनसाठी वायरी मापाने कापून, जुळवून त्यांची जुडी बांधत. त्या जुडीला तिथल्या बायका वेणी म्हणत, आणि वेणी घालण्यात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वभावही तसाच. एकदा पीळ बसला की सुटायचं नाव नाही. बोलायला लागली की समोरच्याला मधे शब्द घालायला फट म्हणून मिळायची नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी सांगतात की हिने आम्हाला रडवलं, आणि त्याच पोरी घरातलं काही बिनसलं की आधी तिच्याकडेच धावतात.

नवरा नेमका उलटा. तो पाणीखात्यात लाइनवर होता. धरणातून शहराकडे येणारा मोठा पाइप उघड्या माळावरून आणि टेकड्यांच्या कडेने जातो. त्याच्या बाजूने चालत जायचं, कुठे ओल दिसते, कुठे चेंबरचं झाकण हललंय ते बघायचं, आणि हातात मावणाऱ्या जीपीएसच्या यंत्रावर बटण दाबून ती जागा नोंदवायची, हे त्याचं काम. परत आला की यंत्र ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडून जागा उतरवून घ्यायच्या. जन्मभर पायपीट, आणि तीही पाइपची, म्हणून खात्यात त्याचं नाव पाइपपीट पडलं. त्याला ते इतकं आवडलं की फोन उचलला तरी "पाइपपीट बोलतोय" असंच सांगायचा. मस्करीशिवाय त्या माणसाला अन्न पचत नसे, आणि त्या मस्करीने कधीकधी वेणीताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या सकाळी तो झालाच. साहेबांनी त्याला ऑफिसात बसून करायचं काम देऊ केलं होतं. गुडघे कुरकुरत होते, जिना चढताना तो कठडा धरायला लागला होता, आणि हा शहाणा साहेबांना काय म्हणाला, तर खुर्चीत बसलो तर माझं नाव बदलावं लागेल! वेणीताईने त्याला धारेवर धरलं. डबा भरता भरता बोलली, डबा पिशवीत ठेवताना बोलली, तो बुटांच्या नाड्या बांधत होता तेव्हाही तिचा पट्टा चालूच होता. शेवटी दारात उभा राहून तो काहीतरी म्हणायला तोंड उघडतोय, तोच तिने हात झटकला.

"जा! जा एकदाचे!"

तो थबकला. म्हणायचं होतं ते त्याने गिळलं आणि मुकाट्याने निघून गेला. मस्करी नाही, मागे वळून बघणं नाही. बरी खोड मोडली, असं म्हणून तिने दार लावलं.

दुपारी कारखान्यात तिच्यासाठी फोन आला तो पाणीखात्यातून. ऑफिस दोनच रस्ते सोडून होतं. कामाचा एप्रन अंगावर तसाच ठेवून ती पळत गेली. साहेब दारातच उभे होते. चाळिशीतला सरळ माणूस, घाबरला की चष्मा पुसायचा. आत्ताही तेच चाललं होतं.

"वहिनी, आधी बसा."

"बसत नाही. काय झालंय ते सांगा."

मिळालेल्या तुकड्यांवरून जुळवून साहेबांनी सांगितलं. पाइपपीट आणि त्याचा जोडीदार सकाळी माळावर गेले होते. एका चेंबरचं लोखंडी झाकण उचलताना ते निसटलं आणि पाइपपीटच्या पायावर पडलं. जोडीदाराला ते एकट्याने हलवता येईना. तिथे फोन लागत नाही. म्हणून त्याने यंत्राचं बटण दाबून जागा नोंदवली, यंत्र खिशात घातलं आणि मदत आणायला मोटरसायकल काढली. उतारावर गाडी घसरली. एका ट्रकवाल्याने त्याला उचलून दवाखान्यात नेलं. शुद्ध जाण्यापूर्वी तो एवढंच बोलला होता: झाकणाखाली आहे, रक्त जातंय, जागा यात आहे. ट्रकवाला भला माणूस. जोडीदाराच्या जाकिटावर खात्याचं नाव वाचून त्याने यंत्र इथे आणून दिलं होतं.

ते टेबलावर पडलं होतं. काचेचा चक्काचूर, पडदा काळाठिक्कर. कडेला एक बारीक हिरवा दिवा मात्र जळत होता.

"माणसं दोन्ही टोकांनी निघालीत," साहेब म्हणाले. "पण त्या उतारापासून वाटा चहूकडे फुटतात, आणि लाइन लांबलचक. त्यात जुनी बंद लाइन वेगळी, तिला फाटे. आणि वारा असा सुटलाय की धुळीत समोरचं दिसत नाही."

अंधार पडला की शोध थांबणार, हे ते बोलले नाहीत. रक्त जाणारा माणूस किती वेळ तग धरणार, हेही कुणी बोललं नाही.

"मग केबल लावा ना याला! कॉम्प्युटरवर घ्या!"

साहेबांनी चष्मा पुसला. "केबल त्यांच्याच पिशवीत आहे, वहिनी."

यंत्राबरोबर आलेली कंपनीची केबल कधीचीच तुटली होती. पाइपपीटने बायकोकडून शिकलेलं सोल्डरिंग वापरून स्वतःच दुसरी बनवली होती, आणि ऑफिसात कुणी हरवेल म्हणून तो ती सतत जवळ बाळगायचा. इतकी जपली की आता तीही त्याच्याबरोबर झाकणापाशी पडली होती. शेजारच्या शहरातल्या ऑफिसात असंच यंत्र होतं. तिथून केबल घेऊन गाडी निघाली होती, पण ती पोचायला संध्याकाळ होणार होती.

तेवढ्यात टेबलावरचं यंत्र बारीक आवाजात वाजलं. टुक्.

"हे काय?"

"सेल संपत आलेत."

"मग बदला."

"बदलले की हे सगळं विसरतं. आतली बॅटरी मेलीय. ते नेहमी आधी जागा उतरवून घ्यायचे, मगच सेल बदलायचे."

वेणीताईला पिशवी आठवली. सकाळी तिने स्वतः डबा ठेवला होता त्या पिशवीत. केबलही तिथेच असणार, डब्याच्या शेजारी. तिने एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "केबल मी करते. सोल्डरिंगची गन आहे का इथे?"

यंत्राच्या पाठीवरची रबरी झडप उचलली तर खाली गोलात चार पिना, सुईएवढ्या बारीक. आणि प्रत्येक पिनेजवळ प्लॅस्टिकवर सुईनेच काहीतरी कोरलेलं, नुसतं एकेक अक्षर नाही, चांगला शब्दच. साहेबांनी डोळे बारीक करून वाचलं.

"ये. बस. खा. येतो."

एरवी सगळं ऑफिस खो खो हसलं असतं. आत्ता कुणी हसलं नाही. वेणीताईला त्या माणसाचा असा संताप आला की तो समोर असता तर तिने त्याला खांदे धरून गदागदा हलवलं असतं. आणि तो समोर असता तर बरं झालं असतं, असंही तिला लगेच वाटलं.

"केबल करताना खुणा केल्या असतील," साहेब म्हणाले. "अशा यंत्राला चारच वायरी असतात. एक जमिनीची, म्हणजे अर्थिंगची."

"ती बस."

"हो. एक बाहेरून करंट द्यायची."

"खा."

"तिला अजिबात हात लावायचा नाही. तिथे भलतं काही गेलं तर यंत्र जळेल. राहिल्या दोन. एकीतून यंत्र बोलतं, दुसरीतून ऐकतं. आता 'ये' कुठली आणि 'येतो' कुठली?"

वेणीताईने क्षणाचाही विचार केला नाही. कारखान्यात आत शिरणाऱ्या वायरीला येती म्हणत आणि बाहेर पडणाऱ्या वायरीला जाती. अर्धं आयुष्य ती तेच बोलत आली होती.

"येतो म्हणजे येती. यंत्रात येणारी. ती ऐकायची. आणि ये म्हणजे यंत्र कॉम्प्युटरला हाक मारतंय, ये रे बाबा म्हणून. ती बोलायची."

साहेबांना पटलं. पटण्यासारखंच होतं.

अडगळीच्या कपाटातून दोन मेलेले माऊस निघाले, जुन्या पद्धतीचे, शेपटीच्या टोकाला नऊ भोकांचा चपटा प्लग असलेले. ऑफिसचा कॉम्प्युटरही त्याच काळातला, त्यामुळे प्लग बसणार होता. वेणीताईने एका माऊसची शेपटी मुळापासून कापली. दुसऱ्याचा प्लग पकडीत धरून फोडला आणि आतल्या बारीक पितळी नळ्या वेचून काढल्या. एक नळी यंत्राच्या पिनेवर सरकवून पाहिली. बसली, जरा सैल. तिने पकडीने हलकेच चिमटली, मग घट्ट बसली.

टुक्.

शेपटीतल्या वायरींचे रंग आणि प्लगची भोकं यांचा मेळ साहेबांनी मीटर लावून जुळवला. कॉम्प्युटर कुठून बोलतो आणि कुठून ऐकतो ते त्यांना ठाऊक होतं. सोल्डर वेणीताईने केलं. हजारो सांधे घातलेला हात तो. तरी पहिल्याच नळीला गन जास्त वेळ टेकली आणि तिच्या अंगठ्याला चटका बसला. तिने अंगठा तोंडात घातला, स्वतःलाच एक शिवी दिली आणि पुन्हा बसली. दुसरी नळी नीट झाली, तिसरीही. 'खा'साठी नुसती रिकामी नळी, तिच्यावर टेप. मग चारही नळ्या पिनांवर चढवून भोवती कागदाची पट्टी गुंडाळली आणि मेणबत्ती पेटवून त्यात मेण ओतलं. पक्का प्लग करायला लागणारा वेळ कुणाकडे होता? मेण थिजलं. ते मऊच राहणार होतं, म्हणून प्लग अंगठ्याने दाबून धरावा लागणार होता.

टुक्. मधलं अंतर कमी होत चाललं होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

"लावा," ती म्हणाली.

साहेबांनी कॉम्प्युटरवर बटण दाबलं. पडद्यावर पाटी आली: यंत्र सापडत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. वेणीताईने अंगठा आणखी जोरात रोवला. तिसऱ्यांदा दाबलं आणि यंत्राचा हिरवा दिवा पटकन विझला.

मग दिवा लागला, आधीपेक्षा मंद.

साहेबांनी झटकन प्लग ओढून काढला. "बस झालं. आता याला हात लावायचा नाही, वहिनी."

"एखादा सांधा कच्चा असेल. मी बघते."

"सांधे मी मीटरने तपासलेत. कदाचित कॉम्प्युटरचंच भोक मेलं असेल, कदाचित यंत्राला मार बसला असेल. आपल्याला माहीत नाही. आणखी एकदा दिवा गेला आणि परत आला नाही, तर सगळं संपलं. गाडी येतेय, खरी केबल येतेय. तोवर थांबू."

"तोवर सेल थांबतील का?"

साहेबांनी यंत्र तिच्या हातापासून लांब सरकवलं. ते चुकीचं सांगत नव्हते, म्हणूनच तिला जास्त राग आला. भांडायला समोर एखादा मूर्ख तरी असायला हवा होता.

दार उघडून शोधाला गेलेल्यांपैकी खात्याचा फिटर आत आला. केसांत, भुवयांत धूळ. वरच्या टाकीपर्यंतची लाइन पाहून झाली, काही नाही, एवढं सांगून त्याने कोपऱ्यातला जॅक आणि दोरखंड उचलला. जीपमध्ये एक वॉकीटॉकी होता, दुसरा साहेबांच्या टेबलावर. आता खालच्या बाजूने बघतो, असं म्हणत तो निघाला. दारात वळून वेणीताईकडे बघत म्हणाला, "धीर सोडू नका, वहिनी. येतो मी."

"या," ती सवयीने म्हणाली.

जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ती जागच्या जागी ताठ उभी राहिली.

तो येतो म्हणाला. आणि गेला.

तिच्या सासरी माणसाला 'जा' म्हणायची सोयच नव्हती. कुणी निघताना चुकून "जातो" म्हणालं तर सासूबाई होत्या तोवर त्याला पुन्हा आत बोलवायच्या आणि "येतो म्हण" असं बजावायच्या. त्यांचा हा लेक कारखान्यातली भाषा कधी बोलला होता? त्याने यंत्रावर वायरी लिहिल्याच नव्हत्या. त्याने पाहुणा लिहिला होता! ये म्हणायचं, बस म्हणायचं, खा म्हणायचं. आणि निघताना पाहुणा काय म्हणतो? साध्या एका पिनेलासुद्धा हा माणूस 'जा' म्हणाला नव्हता.

आणि तिने म्हटलं होतं. त्यालाच. दारात तोंड उघडून तो काय म्हणणार होता, तेही तिला आत्ता कळलं. तिने टेबलाची कड धरली.

"साहेब, उलटं झालंय. माझं चुकलं. ये म्हणजे आत बोलवणं, ती ऐकायची; येतो म्हणजे बाहेर पडणारं, ती बोलायची. यंत्र येतो म्हणतंय आणि निघतंय. आपण बोलणाऱ्याचं तोंड बोलणाऱ्याच्या तोंडाला लावलं."

"तुम्हाला खात्री आहे?"

"मघाशीही होती," ती म्हणाली. "पण मघाशी मी वायर वाचत होते. आता माणूस वाचतेय."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर नवरा माझा आहे."

टुक्, टुक्. आता यंत्र दोनदा वाजलं. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवला आणि खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली. वेणीताईने शेपटीचं आवरण दाताने फाडलं, त्या दोन वायरी मधेच कापून टोकं सोलली आणि एकीचं टोक दुसरीला, दुसरीचं पहिलीला पिळलं. सोल्डर नाही, टेप नाही. उघड्या तारा एकमेकींना लागू नयेत म्हणून त्या एका हाताच्या बोटांत फाकवून धरल्या आणि दुसऱ्या हाताने प्लग पुन्हा पिनांवर बसवून त्यावर अंगठा रोवला.

"दाबा."

पडदा कोरा राहिला. मग डाव्या कोपऱ्यात एक ओळ उमटली. तिच्याखाली दुसरी. आकडे, आकडे, जागेमागून जागा, साऱ्या आठवड्याची पायपीट ओळीने उतरू लागली. साहेब तोंडातल्या तोंडात "चल, चल, चल" म्हणत होते. यंत्र टुकटुकतच होतं. वेणीताईचा भाजलेला अंगठा ठणकत होता, आणि आपण श्वासही घेतला तर तारा हलतील या भीतीने तिने तो कोंडून धरला होता. एकदा ओळी थांबल्या. तिने अंगठा जरासा फिरवला, मेण दबलं, आणि त्या पुन्हा सुरू झाल्या.

शेवटची ओळ आजची होती. साहेबांनी ती जागा भिंतीवरच्या नकाशावर शोधली आणि त्यांचं बोट नव्या लाइनवरून सरकत सरकत लांब गेलं, जुन्या बंद लाइनच्या एका फाट्यावर, घळीत.

"तिकडे कशाला गेले होते हे?" ते पुटपुटले. "तिकडे तर आज कुणी फिरकलंच नसतं."

त्यांनी वॉकीटॉकी उचलून फिटरला जागा सांगितली, मग पुन्हा सांगितली, मग त्याच्याकडून वदवून घेतली. यंत्र केव्हा बंद पडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वेणीताई प्लग तसाच दाबून धरून बसली होती. सोडा आता, असं साहेब म्हणाले तरी बोटं उघडेनात. साहेबांनीच एकेक बोट हलकेच सोडवलं.

मग वाट बघणं. ते काम तिला कधीच जमलं नव्हतं. खिडकीची तावदानं वाऱ्याने खडखडत होती, बाहेर रस्ता पिवळसर दिसत होता. ती पाणी प्यायली नाही, की तिने खुर्चीला पाठ टेकली नाही. तो मेला असेल तर शेवटचा शब्द माझा होता, आणि तो कुठला होता ते मलाच माहीत आहे, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. हे कुणाला सांगणारही नव्हती ती. कसं सांगणार?

वॉकीटॉकी खरखरला.

"साहेब, चेंबर दिसलं." नुसता वारा. "माणूस आहे. पडलेला आहे. मी हाका मारतोय, ओ देत नाही."

साहेबांनी तिच्याकडे बघणं टाळलं. वेणीताई उभी राहिली. खरखर बंद झाली, आणि खोलीत इतकी शांतता झाली की शेजारच्या खोलीतला पंखा ऐकू येऊ लागला.

पुन्हा खरखर. या वेळी फिटरचा आवाज फाटला होता. "डोळे उघडले! साहेब, डोळे उघडलेत. पट्ट्याने पाय आवळून घेतलाय त्यांनी. काहीतरी म्हणतायत. थांबा." वारा, लोखंडाचा आवाज. "म्हणतायत, घरी कळवू नका. ती चिडेल."

वेणीताईने साहेबांच्या हातातून वॉकीटॉकी हिसकावला आणि बटण दाबलं.

"चिडेल नाही तर काय ओवाळेल? गुडघे धड नाहीत आणि निघाले जुनी झाकणं उचलायला! कुणी सांगितलं होतं तिकडे जायला? इथे माझा जीव जायची वेळ आली. सकाळी मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं. मी असं परत कधी म्हणणार नाही, पण तुम्ही काहीतरी बोला. ऐकताय ना? अहो, ऐकू येतंय ना? बोला की! का बोलत नाही?"

पलीकडून चकार शब्द नाही. ती पुन्हा हाका मारू लागली, तेव्हा साहेबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"वहिनी, बटण सोडा. तुम्ही ते दाबून धरलंय तोवर त्यांचं बोलणं इकडे येत नाही."

तिने अंगठा उचलला.

आधी नुसता वारा आला. मग कुणाचं तरी धापा टाकणं. मग एक आवाज, दोऱ्याइतका बारीक, तरी ओळखू येणारा.

"ओरडू नकोस गं. सगळे ऐकतायत."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. वॉकीटॉकी दोन्ही तळव्यांवर धरून ती खुर्चीत बसली.

"बोला," ती म्हणाली, बटण न दाबताच.